तीन बोटं वर

वार्सिनी भूगोल शिकायला जोगजाच्या विद्यापीठात निघाली, तेव्हा तंबाकलेगी गावात ज्याने त्याने एकच विचारलं, की हे शिकून माणूस होतो काय? डॉक्टरकी शिकला की डॉक्टर, वकिली शिकला की वकील, आणि काहीच नाही जमलं तर मास्तर. पण भूगोल शिकला की?

शेजारची तार्मी तेव्हा तिशीची होती. सगळं गाव तिला लिक तार्मी म्हणायचं, लिक म्हणजे काकू. ती कोळंबीच्या तळ्यात गुडघाभर पाण्यात उभी राहून ओरडली, "अगं, नकाशा घेऊन करणार काय तू? या गावातून बाहेर पडायचा रस्ता एकच आहे, आणि तो म्हशींनासुद्धा पाठ आहे!"

तळ्यातल्या सगळ्या बाया हसल्या. वार्सिनीही हसली. तिचे वडील, पाक कार्मिन, पाक म्हणजे बाबा, बांधावर जाळं विणत बसले होते. ते फार बोलणारे नव्हते. जाळ्याची गाठ दाताने ओढून घट्ट करत ते म्हणाले, "आपण नेमके कुठे आहोत ते एकाला तरी ठाऊक असावं की."

हे त्र्याऐंशी साली. जावाच्या उत्तर किनाऱ्यावरचं ते गाव तेव्हा कोरडं होतं. घरांसमोर चिंचा होत्या, चिंचांखाली पोरं गोट्या खेळायची, आणि समुद्र बघायचा तर भाताच्या खाचरांमधून आणि मग तळ्यांच्या बांधावरून पाऊण तास चालावं लागायचं. वार्सिनीच्या आईने एसटीसारख्या त्या खडखडत्या बसपर्यंत लेकीला पोचवलं, केळीच्या पानात बांधलेला भात आणि तळलेलं तेंपे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, हातात दिलं, आणि बस सुटताना खिडकीतून विचारलं, "तिथून मक्का कुठल्या बाजूला, ते शिकवतात का गं?"

शिकवत होते. खरं सांगायचं तर गावाला वार्सिनीच्या भूगोलाचा थेट उपयोग झाला तो तेवढाच. दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत तिने मशिदीची दिशा काढून दिली. सावलीची काठी रोवून, दुपारभर उन्हात बसून तिने दाखवून दिलं, की आजवर सगळं गाव सोमालियाच्या बाजूला तोंड करून नमाज पढत होतं. म्हाताऱ्या इमामांनी तिचं म्हणणं शांतपणे ऐकलं, चटया थोड्या फिरवून घेतल्या आणि म्हणाले, "चाळीस वर्षांचं मागचं काय, ते तो बघून घेईल."

जोगजाला त्यांच्या वर्गात एकोणतीस जण होते. राहायची खोली दोघींत एक, अंघोळीला हौदातलं गार पाणी, संध्याकाळी रस्त्याकडेला चटईवर बसून फणसाची भाजी आणि भात. शनिवार-रविवारी प्राध्यापिका बू कुंतारी, म्हणजे कुंतारीबाई, सगळ्यांना ट्रकमध्ये भरून कुठेतरी न्यायच्या. कधी ज्वालामुखीच्या उतारावर राख मोजायला, कधी चुनखडीच्या डोंगरात जिथे बायका पाण्यासाठी तासभर चालतात तिथे. चिखलाचे बूट, पावसाने भिजलेल्या वह्या, आणि गुनादी नावाचा एक उंच, वात्रट मुलगा, जो प्रत्येक टेकडीवर चढून ओरडायचा, "वरून सगळं सोपं दिसतं रे!" ते दिवस वार्सिनीला पुढे आयुष्यभर पुरले. पावसात भिजलेल्या कागदाचा वास आला, की तिला अजून चोवीस वर्षांची झाल्यासारखं वाटायचं.

पुढे काय होणार, ही धाकधूक मात्र सगळ्यांना होती. एकदा कुणीतरी बू कुंतारींना विचारलंच. त्या चुनखडीच्या दगडावर बसून उकडलेलं रताळं सोलत होत्या. म्हणाल्या, "भूगोलवाल्याच्या नावाची पाटी कुठल्याच दारावर नसते, बाळांनो. म्हणून तुम्हाला कुठल्याही दारातून आत घेतात. आत जाऊन काय करायचं ते ज्याचं त्याने बघायचं."

तसंच झालं. एकोणतीस जणांतले चौघं पामतेलाच्या मळ्यांत गेले आणि कालिमांतानचं जंगल चौकोनी तुकड्यांत कापायला शिकले. सहा जण शाळांत गेले. दोघं घरपट्टीच्या कचेरीत. एकीने सोलो शहरात बकऱ्याच्या रश्शाचं दुकान काढलं, आणि वर्गाच्या स्नेहसंमेलनात सगळ्यांत सुखी तीच दिसायची. गुनादी प्रांताच्या नियोजन खात्यात लागला आणि हळूहळू वर चढत गेला. वार्सिनी नकाशा कचेरीत गेली, बांडुंगच्या गार हवेत, समुद्रापासून लांब.

पण त्याआधी तिने एक खांब रोवला होता.

शेवटच्या वर्षीच्या प्रबंधासाठी तिने किनाऱ्यावरच्या जमिनीची उंची हा विषय घेतला. जमीन वर्षानुवर्षं किती खचते, हे मोजायचं, तर जमिनीत एक न हलणारी खूण हवी. सत्त्याऐंशी साली तिने वडिलांच्या अंगणात, चिंचेपासून सहा पावलांवर, काँक्रीटचा खांब रोवला. छातीएवढ्या खड्ड्यात दगडांची बैठक, त्यावर खांब, आणि माथ्यावर पितळेची गुंडी. खांब जमिनीच्या वर तीन बोटं राहील असा. मग उंगारान डोंगराच्या पायथ्याशी खडकात सरकारी खूण होती, तिथून तिघा मित्रांसह दुर्बिणीची लेव्हल आणि मोजपट्ट्या घेऊन, टप्प्याटप्प्याने मोजत ती दहा दिवसांनी अंगणात पोचली. समुद्रसपाटीपासून गुंडीची उंची निघाली एक मीटर बेचाळीस सेंटिमीटर.

"पाक," ती वडिलांना म्हणाली, "हा खांब म्हणजे माझा सगळा अभ्यास आहे. याला कुणी धक्का लावता कामा नये. मी काही वर्षांनी येऊन परत मोजेन."

कार्मिननी खांबाभोवती एक फेरी मारली. "याला काय लागतं?"

"काही नाही लागत. नुसता असू द्यायचा."

"बुडू द्यायचा नाही ना?"

ती हसली. पाणी तेव्हा पाऊण तासावर होतं. "बुडेल कशाला? पण हो, बुडायला नको."

"मी आहे," ते म्हणाले.

आईने त्या संध्याकाळी स्लामेतान केलं. पिवळ्या भाताचा ढीग, अंडी, तळलेली मासळी, आणि आळीतले दहा-बारा पुरुष ओटीवर बसून दुवा मागून जेवले. लिक तार्मी पान लावत म्हणाली, "कार्मिनदादा, लेक शहरात ठेवली आणि घरी खांब आणलात. सांभाळा हो, हा तरी सासरी जाणार नाही."

पहिल्यांदा पाणी अंगणात आलं ते त्र्याण्णव साली, पुनवेच्या उधाणाला. घोट्याएवढं, दोन तास, आणि गेलं. मग वर्षातून चारदा, मग महिन्यातून चारदा. भाताची खाचरं खारी झाली, तिथे तळी झाली. मग तळ्यांचे बांध फुटले आणि तिथे समुद्रच झाला. चिंचा वाळल्या. तंबाकलेगीची माणसं रडत बसली नाहीत. ती माती आणायची. दर चार-पाच वर्षांनी आळीतली सगळी जमून एकेका घराची जमीन उंच करायची. आज याच्याकडे, उद्या त्याच्याकडे, ज्याच्या घरी काम त्याच्या घरी चहा आणि केळ्याची भजी. भरतीच्या रेघेच्या वर चार बोटं जमीन आली, की काम झालं. छप्पर मात्र होतं तिथेच राहायचं. म्हणून दारं बुटकी होत गेली. वार्सिनी दर ईदेला घरी यायची, तेव्हा आधीच्या वर्षापेक्षा थोडी जास्त वाकून आत शिरायची. मग एखाद्या वर्षी बघावं, तर सगळ्यांनी मिळून छप्पर उचललेलं असायचं, आणि ती ताठ चालत आत जायची.

आठ-आठ वर्षांनी तिने खांब मोजला. पंच्याण्णव साली एक मीटर चाळीस. दोन हजार तीन साली एक मीटर अडतीस. दोन हजार अकरात उपग्रहाचं यंत्र लावून एक मीटर एकोणचाळीस, म्हणजे एक सेंटिमीटर चढच. तो तिने यंत्राच्या खात्यात टाकला. एकूण चोवीस वर्षांत जमीन तीन सेंटिमीटर खचली होती. म्हणजे जवळजवळ नाहीच.

तिचं तिलाही नवल वाटलं होतं. पंच्याण्णव साली तिने वडिलांना विचारलं होतं, "पाक, खांबाला कुणी हात तर नाही ना लावला?"

"छे! कुणाची छाती आहे? पोटच्या पोरासारखा जपलाय."

आणि शिकलेल्या माणसाला नवलाचं कारण सापडतंच. तिला सापडलं. जुन्या डच नकाशात तंबाकलेगीच्या जवळून नदीचं एक मेलेलं पात्र जात होतं. तिने लिहिलं, की गावाखाली त्या नदीने आणून टाकलेल्या वाळूचा घट्ट पट्टा असावा, म्हणून आजूबाजूची चिखलट जमीन खचते, पण ही खचत नाही. इथे पाणी येतं ते जमीन खचल्यामुळे नाही, खारफुटी तोडल्यामुळे आणि तळ्यांमुळे. लेख छापून आला. बू कुंतारींनी, तेव्हा त्या निवृत्त झाल्या होत्या, पोस्टकार्ड पाठवलं, "शाब्बास. वाळूचा पट्टा सुंदर आहे." सबंध किनाऱ्यावरचे त्या काळातले बाकीचे खांब बुडाले, फुटले, नाहीतर कुणी तळ्याच्या दाराला टेकू म्हणून नेले. टिकून राहिलेला जुना खांब एकच, वार्सिनीचा. त्यामुळे जो तो तिचाच आकडा वापरायचा.

आईची कबर दोन हजार नऊमध्ये पाण्याखाली गेली. वार्सिनी होडीतून जाऊन पाण्यावर फुलांच्या पाकळ्या सोडून आली. तेव्हाही तिला आकड्याचा संशय आला नाही.

दोन हजार अठराच्या मार्चमध्ये गुनादीचा फोन आला. आता तो मोठा साहेब होता, पण तिला अजून सिनीच म्हणायचा.

"सिनी, निवृत्त कधी होतेस?"

"नोव्हेंबरमध्ये. का, निरोपाचं भाषण करायचंय का?"

"ऐक. समुद्राला बांध घालायची रेघ ठरतेय. बांधाच्या बाहेर जी गावं राहतील, त्यांतली सगळ्यांत खचणारी सात गावं आधी उठवायची, आत कोरडी जमीन आणि घरं देऊन. सातच. पुढच्यांचं पुढे बघू म्हणतात, म्हणजे तुला कळतंय. तंबाकलेगी बांधाच्या बाहेर आहे. आणि यादीत नाही."

"नाही?"

"तुझाच आकडा गं. तीन सेंटिमीटर. यादीत बसायचं तर वर्षाला आठ हवेत. तुला वाटत असेल काही बदललंय, तर महिन्याच्या आत नवी मोजणी पाठव. मेअखेर यादी बंद."

तंबाकलेगीत तेव्हा दोनशे घरांतली एकतीस उरली होती. शाळा बंद झाली होती. मशिदीत लोक वाकून शिरत होते. ज्यांचं कुणी कुठे नव्हतं तेच मागे राहिले होते, आणि त्यांना उठवून कुठे नेणार असेल, तर या यादीवरच. हे सगळं वार्सिनीला ठाऊक होतं. ती दोन दिवसांत यंत्र घेऊन निघाली.

गावात जायचा रस्ता आता बांबूचा पूल होता. कार्मिन ओटीवर बसले होते, चौऱ्याऐंशीचे, हाडं मोजून घ्यावीत असे. तिला बघताच त्यांनी हातातला विळा खाली ठेवला.

"नदुक, खांब मोजायला आलीस?" ते तिला अजून नदुक म्हणायचे, मुलीला म्हणतात तसं. "ये, पुसून ठेवलाय. चिंचेच्या कोळाने पितळ घासलं परवाच."

गुंडी सोन्यासारखी चमकत होती. वार्सिनीने तिच्यावर यंत्र बसवलं, आणि ते आठ तास आकाशाशी बोलत राहिलं. तोवर तिने वडिलांसाठी भात रांधला, मिरचीचा साम्बल वाटला. दुपारी उधाण आलं आणि ओटीच्या कडेच्या चार बोटं खाली थांबलं. संध्याकाळ व्हायच्या आत तिने आकडा काढला.

एक मीटर पन्नास.

तिने पुन्हा काढला. एक मीटर पन्नास. सात वर्षांत जमीन अकरा सेंटिमीटर वर आली होती. तिने आजवर जमीन खचताना पाहिली होती, तिथल्या तिथे राहताना पाहिली होती. पण उत्तर किनाऱ्यावरचा चिखल आपोआप वर येत नाही. तो फक्त माणूस वर आणतो.

ती उकिडवी बसली आणि खांबाकडे बघत राहिली. जमिनीच्या वर तीन बोटं. सत्त्याऐंशी साली तीन बोटं. आणि त्यानंतर घराची जमीन तिच्या डोळ्यांदेखत कितीदा तरी उंच झाली होती.

"पाक," तिने हळूच विचारलं, "तुम्ही मागे जमीन उंच केलीत, तेव्हा हा खांब मातीत गाडला कसा नाही गेला?"

"गाडला? गाडीन बरा!" कार्मिनना बरं वाटलं, कुणीतरी अखेर विचारलं म्हणून. "दर वेळी उचलतो की. पहिल्यांदा आठ माणसं लागली, तो दगडांचा पाया काय खोल घातला होतास तू! तार्मीच्या नवऱ्याची कंबर धरली त्यात. मग मी युक्ती केली, खालून बांबू सारायचे आणि एका बाजूने माती लोटत जायची. सरळ उभा करायला ओळंबा लावतो. आणि माथा जमिनीच्या वर तीन बोटं, तू ठेवला होतास तसा. एकदाही चुकलो नाही."

"किती वेळा, पाक?"

"पाच. नाही, सहा. यंदा माती जरा जास्तच मिळाली, म्हणून उंच झालं."

शेजारच्या खिडकीतून लिक तार्मीचं डोकं बाहेर आलं. तिचे दात गेले होते, जीभ होती तशीच होती. "आमच्या घरात उंदीर बुडाले, देवा, पण कार्मिनदादांचा खांब नाही बुडाला! कोंबड्या छपरावर आणि हा बाबा खांबाला मिठी मारून!"

"मला सांगितलं का नाहीत?" वार्सिनी म्हणाली.

कार्मिन खरोखरच गोंधळले. "सांगायचं काय त्यात? घर वर घेतलं म्हणजे चूलही वर घेतली, हे सांगतं का कुणी? तू बुडू द्यायचा नाही म्हणालीस."

ती म्हणाली होती. तिने विचारलं होतं ते हात लावला का, आणि त्यांनी सांगितलं होतं ते, की कुणाची छाती नाही. दोघंही खरं बोलले होते. ते भरतीच्या वर चार बोटं जमीन घ्यायचे आणि जमिनीच्या वर तीन बोटं खांब. म्हणून तिचा आकडा हलत नव्हता. वाळूचा पट्टा कुठेच नव्हता. तिने एकतीस वर्षं जमीन मोजलीच नव्हती. बापाने दर वेळी कुठवर उचललं, तेवढं मोजलं होतं. आणि ती स्वतः दर ईदेला वाकून दारातून आत शिरत होती. कमरेला कळत होतं ते वहीत कधी उतरलं नाही.

पण तिला रडायला वेळ नव्हता, मेअखेर यादी बंद होणार होती. "खांब किती किती उचललात, आठवतंय?"

"आठवायचं कशाला, लिहिलंय की." कार्मिन तिला आत घेऊन गेले. घराच्या मधल्या सागवानी खांबावर विळ्याने कापलेल्या खाचा होत्या. दर वेळी जमीन उंच करण्याआधी जुन्या जमिनीपासून हातभर उंचीवर एक खाच, आणि शेजारी कोळशाने साल. सहा खाचा. खालच्या चार आता मातीखाली होत्या, त्या वार्सिनीने पुढचे दोन दिवस खणून काढल्या. लिक तार्मी खिडकीत बसून सांगत होती, कुठल्या वर्षी कुणाचं लग्न होतं आणि पाणी किती होतं, आणि तिची सालं खाचांशी जुळत होती. शेवटी खचलेल्या जमिनीची बेरीज आली एक मीटर शहाण्णव सेंटिमीटर. पहिली वर्षं हळू, आणि अलीकडची दर वर्षी साडेनऊ, दहा. सातांच्या यादीत तंबाकलेगी तिसऱ्या नंबरावर येत होतं.

त्या रात्री ती नीट झोपली. अठ्ठावन्नाव्या वर्षी तिला वाटलं, आपण शिकलो ते अजून कामाला येईल.

गुनादीच्या कचेरीत थंडी वाजेल इतकी हवा गार केलेली होती. त्याने तिचा अहवाल सगळा वाचला, फोटो पाहिले, खाचांचा, कोळशाच्या आकड्यांचा. मग चष्मा काढून डोळे चोळले.

"तुझ्या बापाला माझा सलाम सांग," तो म्हणाला. "खरंच सांगतो. असा माणूस आमच्या खात्यात एक नाही."

"म्हणजे यादीत घेशील?"

"सिनी, खाच म्हणजे मोजणी नाही."

"बरोबर आहे ती! तार्मीच्या आठवणीशी जुळते, अंतरांशी जुळते—"

"मला पटलंय गं. मला पटून काय होतं? तज्ज्ञांच्या समितीसमोर मी काय ठेवू? एका म्हाताऱ्याने विळ्याने कापलेलं लाकूड आणि एका म्हातारीची लग्नं?"

"उपग्रहाच्या चित्रांत बघ मग."

"पाण्यावर ती आंधळी असतात, हे तूच मला शिकवलंस. तिथे आता जमीन आहे किती? ओट्याएवढी." त्याने अहवाल मिटला. "आणि दुसरं ऐक. तू हा कागद दिलास, की तुझे जुने आकडे रद्द होतात. म्हणजे तंबाकलेगी वर्षाला दहा खचतं असं होत नाही. तंबाकलेगीची मोजणीच नाही, असं होतं. मोजणी नसलेलं गाव यादीत घेता येत नाही. नवा खांब रोवायचा, कमीत कमी तीन वर्षं मोजायचा, मग अर्ज."

"तीन वर्षांनी मोजायला तिथे उरणार कोण?"

खिडकीबाहेर शहर पसरलं होतं, आणि त्याच्या पलीकडे समुद्र, इथून निळा आणि सपाट. वार्सिनीला टेकड्यांवर ओरडणारा तो उंच मुलगा आठवला. त्यालाही आठवला असावा, कारण त्याने पडदा ओढून घेतला.

"कागद परत नेतेस का?" त्याने तिच्याकडे न बघता विचारलं. "नेलास तर निदान तुझं नाव तरी राहील. वाळूचा पट्टा अजून वर्गांत शिकवतात."

"ठेव," ती म्हणाली. "रद्द करून टाक."

मेअखेर यादी बंद झाली. सात गावं उठली. वृत्तपत्रात लोकांचे फोटो आले, कोरड्या अंगणात उभे, हातात किल्ल्या. नोव्हेंबरमध्ये वार्सिनीला कचेरीने एक घड्याळ दिलं आणि भाषणात तिच्या खांबाचा उल्लेख कुणी केला नाही. डिसेंबरमध्ये ती दोन ट्रंका घेऊन तंबाकलेगीला राहायला आली. लग्न केलं नव्हतं, बांडुंगची खोली भाड्याची होती. नाव राखून काय करणार होती?

गावाला यादीचं सांगावं लागलंच. ती सगळ्यांच्या ओट्यांवर गेली. लिक तार्मीकडे सगळ्यांत शेवटी गेली.

"नाही आलं नाव?" तार्मीने विचारलं.

"नाही."

"का गं? आमचं पाणी काय कमी खारट आहे?"

शेजारच्या ओटीवर कार्मिन जाळं विणत होते. बोटं थरथरत होती, गाठ सुटून जात होती, ते पुन्हा घालत होते. वार्सिनीने त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "माझी मोजणी चुकली, लिक."

तार्मीने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग कार्मिनकडे पाहिलं, त्यांच्यामागच्या त्या चकचकीत पितळी गुंडीकडे पाहिलं. तिला सगळं कळलं असावं, ती मूर्ख नव्हती. ती काहीतरी लागेल असं बोलणार म्हणून वार्सिनी वाट बघत राहिली. पण म्हातारीने पानाचा डबा पुढे सरकवला आणि म्हणाली, "घे. चुना कमी लाव, तुला सवय नाही."

पुढच्या वर्षी जूनचं उधाण ओटीवर चढलं. अकरा घरं उरली होती. होडीतून माती आली, थोडीच, कारण माती आता लांबून आणावी लागत होती. पाच माणसं जमली, त्यांतली दोन सत्तरीच्या पुढची. वार्सिनीने चहा केला, केळ्याची भजी तळली. दुपारी ओहोटी लागल्यावर जमीन उंच केली, चूल उचलली, पलंग उचलला. छप्पर उचलायला माणसं पुरत नव्हती, ते राहिलं.

"आता खांब," कार्मिन म्हणाले.

माणसांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मग वार्सिनीकडे. त्यांना तार्मीने सांगितलं होतं की नाही, कोण जाणे. वार्सिनीने साडी खोचावी तशी लुंगी कमरेला खोचली, आणि खांब उचलायला हात लावला. पहिल्यांदाच. काँक्रीट गार आणि खरखरीत होतं, एका कडेला शेवाळ धरलं होतं. तिने दोन्ही हातांनी तो धरला, माणसांनी खालून बांबू सारले, एका बाजूने माती लोटली, आणि खांब चिखलातून पचकन आवाज करत वर आला. वाटला होता तितका तो जड नव्हता. खालची दगडांची बैठक कधीच गळून पडली होती.

"सरळ धर, नदुक. ओळंबा बघ."

तिने ओळंबा पाहिला. कार्मिन गुडघ्यावर बसले आणि गुंडीखाली आपली तीन बोटं आडवी धरायला गेले. पण हात फार थरथरत होता, बोटं जमिनीला टेकत नव्हती. दोनदा प्रयत्न करून त्यांनी हात मागे घेतला.

"तूच बघ. तीन बोटं."

वार्सिनीने आपली तीन बोटं मातीवर आडवी ठेवली. खांब बोटांवर टेकला.

"नाही, नाही," म्हातारा म्हणाला, "तुझी बोटं बारीक आहेत. थोडं वर घे. अजून. हां. आता माती चेप."

तिने माती चेपली. ओंजळभर पाणी घेऊन गुंडी पुसली. पुलाच्या खांबांशी पाण्याचा बारीक चुळुकचुळुक आवाज येऊ लागला होता, म्हणजे भरती परत लागली होती. लिक तार्मी खिडकीतून ओरडली, "भजी गार होताहेत, भूगोलवाल्यांनो!" आणि सगळे वाकून आत गेले.